‘आय-फाइव्ह फुल सेट’मध्ये नेमकं काय मिळतं?

सांगलीत, मिरजेत किंवा विट्याला स्वस्तातला कॉम्प्युटर शोधायला निघालं की जाहिरात साधारण एकच असते: आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १९ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, वायफाय मोफत, एक वर्षाची वॉरंटी. किंमत १५ हजारांच्या आत. सुटे भाग घेऊन जोडायचं म्हटलं तर मॉनिटर सोडूनच याच्या दुपटीच्या पुढे खर्च जातो. मग आई-वडील विचारतात, ‘तेच आय-फाइव्ह इथे निम्म्यात मिळतंय, तर तुला जास्तीचे पैसे कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण ते ‘तेच’ नसतं. हे परीक्षण एखाद्या दुकानाचं नाही. या किमतीला सगळीकडे मिळणाऱ्या त्या सेटचं आहे, आणि त्याच पैशांत किंवा थोडे जास्त घालून दुसरं काय घेता येतं त्याचं.

आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून चालू आहे. त्यावरून प्रोसेसर किती जुना हे कळत नाही, ते पुढच्या आकड्यावरून कळतं. ३४७० म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ची. ८५०० म्हणजे आठवी, २०१८ची. १२४०० मध्ये पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे बारावी. स्वस्त सेटमध्ये बहुतेक वेळा दुसरी किंवा तिसरी जनरेशन असते: २४०० नाहीतर ३४७०. चार कोअर, चार थ्रेड: म्हणजे आत काम करणारे चार भाग, एका वेळी चारच कामं. २०२२ साली आलेला आय-थ्री १२१०० हा नावाने ‘खालचा’ असला तरी एका कोअरच्या कामात या ३४७० च्या जवळपास दुप्पट चालतो, आणि सगळे कोअर कामाला लागले तर फरक त्याहून वाढतो. शिवाय आजच्या मोबाइलचे आणि ड्रोनचे एच-२६५ व्हिडिओ तिसऱ्या जनरेशनच्या ग्राफिकला उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओने असा सेट घेतला तर व्हिडिओ टाइमलाइनवर टाकल्याक्षणी मशीन अडकतं, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो.

प्रोसेसर जुना असणं हा तरी या सेटचा मोठा दोष नाही. १२-१३ वर्षं चाललेला प्रोसेसर अजून पाच वर्षं चालेल, तो सहसा मरत नाही. मरतो तो बोर्ड (मदरबोर्ड), आणि त्याला मारतो एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधली वीज पुरवणारी पेटी.

बोर्डावर ‘एच ६१’ असं लिहिलेलं असतं. हा चिपसेट, म्हणजे बोर्डाची मुख्य चिप, २०११चा. बॉक्स नवा कोरा, त्यावर कधी न ऐकलेलं नाव. आतली चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्या पट्टीवर बसवलेली असते. असा बोर्ड चालतो, पण त्याचं बायोस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) कधी अपडेट होत नाही, इंटरनेटचं पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसवर थांबतं, म्हणजे घरी २०० एमबीपीएसचं फायबर असलं तरी केबलने निम्माच वेग मिळतो. रॅम डीडीआर-थ्री लागते, जी पुढे कुठल्याच नव्या बोर्डात बसत नाही. म्हणजे दोन वर्षांनी मशीन वाढवायचं ठरलं तर यातलं मॉनिटर, कॅबिनेट, एसएसडी आणि कीबोर्ड-माऊस एवढंच उरतं.

आता एसएमपीएस. दुकानात त्याची चौकशी कोणी करत नाही, आणि म्हणूनच काटकसर तिथे होते. कॅबिनेटबरोबर ‘४५० वॅट’ची जी पेटी फुकट येते तिचं लेबल नीट वाचा. त्यावर प्रत्येक व्होल्टेजसमोर अँपिअरचा आकडा असतो. आजच्या कॉम्प्युटरची जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून जाते. तिथे १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. एवढीच त्या पेटीची खरी ताकद, तीही लेबल खरं धरलं तर. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच ठिकाणी ३६-३७ अँपिअर दिसतात. हातात घेऊनही फरक कळतो: स्वस्त पेटी हलकी लागते, कारण आतली फिल्टरची कॉइल, मोठे कपॅसिटर, जाड हीटसिंक हे सगळं वगळलेलं असतं. त्याबरोबर जास्त व्होल्टेज झालं की स्वतःहून बंद होण्याची सोयही वगळलेली असते. त्यामुळे ही पेटी जळते तेव्हा एकटी जात नाही, बोर्ड आणि कधीकधी हार्डडिस्कही घेऊन जाते. चांगला, ८० प्लस शिक्क्याचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), ३ ते ५ वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस अडीच-तीन हजारांपासून मिळतो. स्वस्तच सेट घ्यायचा असं ठरलंच असेल, तर दुकानदाराला एवढं जरूर सांगा: ‘एसएमपीएस बदलून द्या, फरक मी देतो.’ या सेटमध्ये याहून उपयोगी खर्च दुसरा नाही.

आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे. शहरातली वीज बरी असते, पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे वाडी-वस्तीवर व्होल्टेज दिवसातून अनेकदा खालीवर होतं. घरचा इन्व्हर्टर लाइन गेल्यावर बदलायला साधारण १० ते २० मिलिसेकंद घेतो, तोही ‘यूपीएस मोड’वर असेल तर, साध्या मोडवर त्याहून जास्त. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावरही १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो, आणि भार कमी असला की जास्तच. हलकी पेटी तेवढा वेळ धरत नाही. म्हणून ‘इन्व्हर्टर आहे तरी लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो’ ही तक्रार येते. आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहा. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर काही चांगले, ॲक्टिव्ह पीएफसी (वीज समप्रमाणात ओढणारं सर्किट) असलेले एसएमपीएस कुरकुरतात किंवा बंद पडतात. तिथे प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॅट. ऑफिसच्या मशीनला १०-१५ मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला पुरेशी. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते.

अर्थिंगचं काय? कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतोच. तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा, आणि जुन्या वाड्यांत, पत्र्याच्या गाळ्यांत थ्री-पिन सॉकेटच्या मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० दाखवत असेल तर फेज-अर्थही तेवढ्याच्या जवळ दिसलं पाहिजे. नसेल तर आधी वायरमन, मग कॉम्प्युटर.

एसएसडीबद्दल थोडक्यात. नाव नसलेली एसएसडी विंडोज झटपट उघडते, म्हणून दुकानात छान वाटते. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की काही जीबीनंतर तिचा वेग जुन्या हार्डडिस्कच्याही खाली येतो. नाव असलेल्या कंपनीची, ३ किंवा ५ वर्षं वॉरंटीची घ्या. आणि ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ असं कोणी सेटवर वर टाकून देत असेल तर ते बहुधा जीटी ७३० असतं, २०१४चं. गेमसाठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. काही कार्डं तर जुन्या चिपवर नव्या नावाचं बायोस चढवलेली असतात. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर अशा एनव्हिडियाच्या बनावट कार्डापुढे ‘फेक’ असं स्पष्ट लिहितं.

विंडोजकडे मात्र नीट लक्ष द्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची, एएमडीमध्ये साधारण रायझन २००० आणि पुढे. तिसऱ्या जनरेशनच्या सेटवर विंडोज ११ दिसत असेल तर ती तपासणी चुकवून घातलेली आहे. आज चालते, पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. लायसन्सही सहसा खरं नसतं. ते चालू करायला वापरलेलं ॲक्टिव्हेटर बसवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद केलेला असतो. ज्या मशीनवर जीएसटीचे रिटर्न भरायचे, बँकेत लॉगिन करायचं, डिजिटल सहीचं टोकन लावायचं, तिथे हा धोका घेऊ नये. आपले सरकार केंद्रात तर लोकांची कागदपत्रं त्याच मशीनवर असतात.

तयार सेट घेताना दुकानात दहा मिनिटं मागून घ्या. टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅमचे किती स्लॉट भरलेत ते दिसतं. सीपीयू-झेडमध्ये बोर्डाचा चिपसेट कळतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते येतं. ‘नवी’ म्हणून दिलेली एसएसडी हजारो तास चाललेली असेल तर तिथेच बोला. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि सीरियल नंबर हवा. ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ असं एका ओळीचं बिल असेल तर उद्या वॉरंटी कशाची मागणार?

आता सुटे भाग. नेहमीच्या कामासाठी जुळणी सोपी आहे: आय-थ्री १२१०० आणि एच ६१० बोर्ड, किंवा रायझन ५ ५६००जी आणि बी ५५० किंवा ए ५२० बोर्ड. ५६००जीमध्ये सहा कोअर आहेत आणि आतलं ग्राफिक इंटेलपेक्षा बरंच चांगलं, त्यामुळे हलक्या गेम वेगळ्या कार्डाशिवाय चालतात. इंटेल घेताना नावापुढे ‘एफ’ नाही ना ते बघा. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिकच नाही. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. एच ६१० बोर्ड डीडीआर-फोरचेही येतात आणि डीडीआर-फाइव्हचेही. खाच वेगळी असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. ऑनलाइन मागवताना ही चूक फार होते. रॅम ८-८ च्या दोन घ्याव्यात, १६ ची एक नको. ५६००जीचं ग्राफिक हीच रॅम वापरतं, एकच लावली तर गेममध्ये सरळ फटका बसतो.

जोडणी अवघड नाही, पण काही ठिकाणी हमखास चुकतं. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना केसासारख्या असतात. एक वाकली तरी बोर्ड गेला, आणि वाकलेल्या पिनेवर कंपनी वॉरंटी देत नाही. दुकानातून बोर्ड घेताना तिथेच काळं झाकण उचलून पिना पाहा, मोबाइलवर फोटो काढा. प्रोसेसर सोन्याच्या त्रिकोणाची खूण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. लिव्हर लावताना मात्र जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तो नेहमीचाच.

इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या जोडीने दाबायच्या, मग बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांची टोकं मागे बाहेर आली का ते बघायचं. एक अर्धवट राहिली तर मशीन चालू होतं, विंडोजही बसते, आणि दहा मिनिटांनी प्रोसेसर १०० अंशांपर्यंत तापून वेग कमी करतो. एप्रिल-मे मध्ये खोलीतच ४० अंश असताना हे आणखी लवकर होतं. रायझनच्या साध्या कूलरसाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. तेव्हा मागची लोखंडी प्लेट सुटते, ती हाताने धरून ठेवा.

बोर्ड बसवण्याआधी मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी कॅबिनेटला लावा. नंतर आठवली तर सगळं सोडावं लागतं. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या बुटक्या खुंट्या) बोर्डाच्या भोकांइतकेच आणि त्याच जागी हवेत. एखादा जास्तीचा मागे टेकला तर शॉर्ट होऊन मशीन चालूच होत नाही. थेट बोर्डावर बसणाऱ्या चपट्या एनव्हीएमई एसएसडीचा बारीक स्क्रू बोर्डाच्या पेटीत वेगळ्या पुडीत असतो. पेटी टाकण्यापूर्वी तो शोधा. प्रोसेसरचा वेगळा ४ किंवा ८ पिनचा प्लग वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि नवखे लोक तोच विसरतात: पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. समोरच्या बटणाच्या बारीक वायरींत पॉवर स्विच कसाही लावला तरी चालतो, एलईडीच्या वायरींना मात्र उलट-सुलट असतं. पुढच्या यूएसबीचा १९ पिनचा निळा प्लग सरळ खाली दाबा, वाकडा दाबला की पिना वाकतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर-फाइव्हच्या बोर्डावर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून मध्येच बंद करू नका. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२००ची म्हणून घेतलेली रॅम बऱ्याचदा २६६६ वर किंवा त्याहून खाली चालत राहते. विंडोज बसवण्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. त्याबरोबर दुसऱ्या पेनड्राइव्हवर बोर्डाच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर उतरवून ठेवा, कारण विंडोज ११ बसवताना मध्येच इंटरनेट मागतं आणि नव्या बोर्डाची लॅन चिप तिला कधीकधी ओळखता येत नाही.

हे सगळं केल्यावर काय मिळतं? प्रत्येक भागाची स्वतंत्र वॉरंटी: बॉक्समधल्या प्रोसेसरला ३ वर्षं, बोर्डाला बहुधा तेवढीच. पुढे रॅम, कार्ड वाढवायची मोकळीक. पण गैरसोयही खरी आहे. बोर्ड बिघडला तर तो सर्व्हिस सेंटरला जातो, आणि सांगलीत प्रत्येक कंपनीचं सेंटर नाही. कोल्हापूर नाहीतर पुण्याला पाठवून यायला आठवडे लागू शकतात, तोवर मशीन बंद. ज्याचं दुकान त्या एका मशीनवर चालतं त्याने हे धरूनच ठरवावं. त्याला मोठ्या कंपनीचं नवं तयार मशीन, ऑनसाइट वॉरंटीसह, महाग वाटलं तरी परवडतं. तंत्रज्ञ गाळ्यावर येऊन भाग बदलून जातो आणि विंडोजचं लायसन्स खरं असतं.

किमतीचा हिशेबही बदलला आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले, कारण डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी वाढली. पूर्वी रॅम हा बजेटमधला किरकोळ भाग होता, आता ती प्रोसेसरच्या बरोबरीला येऊन बसते. जुनं कोटेशन धरून चालू नका. याच कारणाने तिसरी वाट आज सगळ्यांत चांगली ठरते.

ती वाट म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून लीज संपून बाहेर आलेली मशीनं: डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोव्होची थिंकसेंटर. आय-फाइव्ह ८५०० असलेलं मशीन पाहा. सहा कोअर, विंडोज ११ चालते, लायसन्स बहुधा बोर्डातच असतं. रॅम आत असतेच. एसएमपीएस लहान, साधारण २०० वॅटचा, पण खरा. टॅलीवर काम करणारी मार्केट यार्डातली अडत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, ई-सेवा केंद्र, शाळेचं ऑफिस यांना ‘फुल सेट’पेक्षा हे मशीन सरळ सरस आहे. किंमत थोडी जास्त असली तरी बेधडक हेच घ्यावं.

त्यातही पाहायच्या गोष्टी आहेत. बायोसला पासवर्ड नाही ना ते चालू करून बघा. असेल तर घेऊ नका. डेलच्या मशीनवरचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकला की ते कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा आत काय होतं ते कळतं. मागे बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतं, जुन्या व्हीजीए मॉनिटरला वेगळा कन्व्हर्टर लागतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते, ती बदलून घ्या. बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरीही नवी टाका, नाहीतर रोज तारीख चुकते आणि बँकेची साइट उघडत नाही. बारक्या कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक कार्ड बसत नाही आणि एसएमपीएस कंपनीच्याच मापाचा लागतो, म्हणून गेम खेळणाऱ्याने किंवा थ्रीडी ड्रॉइंग करणाऱ्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्याने हे घेऊ नये. त्याने सुटे भागच घ्यावेत, १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नये, आणि एसएमपीएस पुढच्या कार्डाचा विचार करून ५५० वॅटचा घ्यावा. फ्लेक्स आणि कोरलड्रॉच्या दुकानांनाही तेच. मोठ्या बॅनरच्या फाइलला ३२ जीबी रॅम लागते.

कुठलंही मशीन घ्या, जागा नीट निवडा. कृष्णाकाठच्या तळमजल्याच्या गाळ्यात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. पूर येवो न येवो, पावसाळ्यात फरशीला ओल धरते. यार्डात हळदीची धूळ पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत पिवळी खपली होऊन बसते, आणि हवा अडली की मशीन तापतं. दर दोन महिन्यांनी प्लग काढून, कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते वेड्यासारखं फिरलं तर बेअरिंग जातं.